तिसरं काम

महांतेश पट्टणशेट्टीची फाईल माझ्या टेबलावर आली तेव्हा मी आधी चहा मागवला. चार वर्षं ज्याची वाट बघितली ते घाईघाईत कशाला उघडायचं? शिपायाने विचारलं, मॅडम, आज दुसऱ्यांदा चहा? मी म्हटलं, आज आमच्याकडे सण आहे. तो बिचारा पंचांग आठवत गेला.

फाईल घाईने उघडली असती तर मजा गेली असती. मी कप बाजूला ठेवला, हात पुसले आणि पहिलं पान उलटलं. फोटोत तो जाड झाला होता. कपाळावर विभूती, ओठांवर तेच मवाळ हसू. याच हसण्यावर भाळून माझ्या वडिलांनी, अप्पांनी, त्याला मुलासारखं मानलं होतं.

आता हे सगळं पहिल्यापासून सांगायला हवं, नाहीतर मी उगाच वाईट दिसेन. मी वाईट आहे, पण उगाच नाही.

पूर्वी माणूस एक नोकरी धरायचा आणि तीतच म्हातारा व्हायचा. मग कपाळाला बांधायची पट्टी आली. मेंदू थकतो म्हणजे नेमकं काय होतं, ते तिने माणसागणिक दाखवायला सुरुवात केली. एखादं काम करताना मेंदूचा जो भाग राबतो, तिथे पेशींच्या मधल्या जागेत ग्लुटामेट नावाचं द्रव्य साचत जातं. ते साचलं की तो भाग मंदावतो, चुका करतो, चिडचिडा होतो. पण त्याच वेळी दुसरा एखादा भाग अगदी ताजा असतो. पट्टी कपाळाच्या हाडातून एक मंद उजेड आत सोडते आणि परत येणाऱ्या उजेडावरून कुठे किती साचलंय त्याची रेघ काढते. गुऱ्हाळातल्या माणसाला हे चटकन कळतं. रस उकळायला लागला की मळी वर येते, ती काढत राहावी लागते, नाहीतर गूळ काळा पडतो.

मग कुणीतरी डोकं लढवलं की एकच काम दहा तास करण्यापेक्षा तीन वेगवेगळी कामं तीन-तीन तास केली तर? एक भाग थकायच्या आत दुसरा कामाला लावायचा. हा हिशेब चांगलाच जमला. पाच-सहा वर्षांत तिहेरी आराखडा हा शब्द रेशनकार्डाइतका घरगुती झाला. कुणी सकाळी शिक्षक, दुपारी गवंडी, संध्याकाळी तबलजी. एकच नोकरी करणाऱ्या मुलाला मुलगी देताना लोक दोनदा विचार करू लागले. आणि पट्टीच्या रेघा वाचून कुणी कोणती तीन कामं करावीत हे ठरवून देणाऱ्यांचा एक नवा धंदा उभा राहिला. त्यांना नियोजक म्हणतात. महांतेश हा कोल्हापुरातल्या पहिल्या चार नियोजकांपैकी एक, आणि माझा आतेभाऊ.

माझी तीन कामं पट्टी यायच्या आधीपासूनची होती. शिरोळकडे आमचं गाव, घरात निम्मं कानडी, निम्मं मराठी. म्हणून मी सकाळी न्यायालयात कानडी साक्षीदारांची दुभाषी होते. दुपारी एका प्रयोगशाळेत दातांच्या कवळ्या करायचे. आणि हंगामाच्या चार महिन्यांत पहाटे गावी गुऱ्हाळावर गुळव्या. काहिलीतला, म्हणजे रस उकळायच्या मोठ्या कढईतला, पाक नेमका कधी उतरवायचा हे जो सांगतो तो गुळव्या. चार मिनिटं आधी उतरवला तर गूळ बसत नाही, चार मिनिटं उशीर झाला तर करपतो. आमचं गुऱ्हाळ दहा-बारा ऊसवाल्यांचं सामाईक, आणि अप्पा तिथले गुळव्या. मुलगा नाही म्हणून नव्हे, माझा हात चांगला होता म्हणून त्यांनी मला शिकवलं. बोटं गार पाण्यात बुडवायची, तशीच उकळत्या पाकात घालायची, चिमूट उचलून पुन्हा गार पाण्यात धरायची. गोळी वळली की काहिलीच्या काठावर मारायची. टण् असा आवाज आला की काहील उतरवा म्हणायचं. सुरुवातीला लोक हसले, बाई गुळव्या कुठं असतीया का म्हणाले. दोन हंगामांत हसायचे थांबले.

आमच्या गुऱ्हाळाची एक रीत आहे. हंगामाचं पहिलं आदण, म्हणजे पहिली काहील, जो उतरवतो तोच त्या हंगामाचा गुळव्या. मग देव आला तरी मध्ये माणूस बदलत नाहीत. अप्पांच्या गुडघ्यांनी दगा दिल्यावर सलग सहा हंगाम पहिलं आदण मी उतरवलं.

महांतेशदादाने माझा आराखडा फुकट करून दिला. घरचाच माणूस. त्याने समोर बसवून समजावलं की गुऱ्हाळ लांब आहे, हंगामी आहे, बोटांना चटके बसतात आणि त्याचा कवळ्यांवर परिणाम होतो. एकच हंगाम सोडून बघ, मग ठरवू. माझी चूक एकच झाली. आमच्या घरात वडीलधाऱ्याने पुढे केलेला कागद वाचत बसणं हा त्याचा अपमान समजतात. मी न वाचता सही केली. पहिल्या आदणाच्या दिवशी त्या कागदाप्रमाणे मला पुण्याला सक्तीचं प्रशिक्षण होतं. त्या दिवशी आदण महांतेशने उतरवलं. अप्पांनी त्यालाही थोडंफार शिकवलं होतं.

त्यानंतर सात महिन्यांनी मी न्यायालयात उभी होते. एक म्हातारी आपल्या जावयाविरुद्ध साक्ष देत होती. ती बोलत होती, मी ऐकत होते, सगळं समजत होतं, आणि माझ्या तोंडातून एक शब्द येईना. न्यायाधीशांनी तीनदा विचारलं. म्हातारी माझ्याकडे बघून रडायला लागली. तिला वाटलं मी फितूर झाले. पुढे कवळ्याही बिघडायला लागल्या. लोकांचे दात जुळेनात. वर्षाच्या आत दोन्ही कामं गेली आणि मी कोल्हापूरच्या खोलीत भिंतीकडे बघत बसले.

त्याच वर्षी अप्पा गेले. शेवटच्या दिवसांत मी उशाशी बसले तर त्यांनी माझी बोटं हातात घेतली. चटक्यांच्या खुणा पुसल्या गेल्या होत्या. ते म्हणाले, "गूळ नको झाला व्हय तुला? महांतेश सांगत हुता, लीला न्हाई म्हणाली. असू दे. शिकलेली माणसं तुमी." मी सांगायचा प्रयत्न केला. त्या दिवसांत माझं एक वाक्य धड पुरं होत नव्हतं. ते तसंच समजून गेले.

मी हे आजतागायत गिळलेलं नाही आणि गिळणार नाही.

दोन वर्षांनी आराखडा परीक्षण कार्यालयात मला कारकुनाची जागा मिळाली. जुन्या रेघा तारखेवार लावायच्या, बस. तिथेच, चार वर्षांपूर्वी, निचऱ्याचं परिपत्रक आलं. पट्ट्यांच्या लाखो रेघा तपासून शास्त्रज्ञांनी जाहीर केलं होतं की प्रत्येक माणसाचं एक काम असं असतं की ते करताना साचलेलं द्रव्य वाढत नाही, उलट उतरतं. सगळ्या भागांतलं उतरतं. या कामाला त्यांनी निचऱ्याचं काम म्हटलं. ते बहुधा कमी मोलाचं, बिनकामाचं दिसतं, म्हणून नियोजक तेच आधी कापतात. ते कापलं की सहा-आठ महिन्यांत माणसाची बाकीची कामंही नासतात. पुढे मेंदू निचऱ्याची दुसरी वाट शोधतो, पण ती कोणती हे माणसाच्या हातात नसतं. परिपत्रकाबरोबर नियमही आले. निचऱ्याचं काम कुणाचंही तोडायचं नाही. मात्र ते अर्जात तारखेसह जाहीर करायचं. आणि ज्या नियोजकाने कळूनसवरून कुणाचं असं काम तोडलं असेल त्याचा परवाना कायमचा रद्द.

मी त्याच दुपारी, चारच्या सुमारास, संग्रहातून माझाच जुना आराखडा काढला. गुऱ्हाळाच्या तासांची रेघ दरीसारखी खाली गेलेली होती. तिच्या शेजारी नियोजकाची खाजगी टीप, तारखेसकट: "गुऱ्हाळामुळे उतार. काढल्यास धोका." तारीख माझ्या सहीच्या आठ दिवस आधीची.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. जगाला कळायच्या पाच वर्षं आधी त्याला कळलं होतं. धोका आहे असं स्वतःच्या हाताने लिहून त्याने ते काढलं होतं.

त्या दिवसापासून रोज चार ते पाच मी त्याची चौकशी करू लागले. त्याच्या कंपनीचे सगळे जमा आराखडे वाचले. त्याची व्याख्यानं ऐकली. कायद्याची कलमं पाठ केली. त्याच सुमारास मी सुधारायला लागले. वाक्यं पुरी होऊ लागली, हात स्थिर झाले, कवळ्यांचं काम पुन्हा अर्धवेळ मिळालं. डॉक्टर म्हणाले, गोळ्यांचा गुण आला. मी परीक्षा दिल्या आणि दोन वर्षांपूर्वी परीक्षक झाले. नियोजकाचा स्वतःचा आराखडा दर तीन वर्षांनी परीक्षकाने तपासायचा असतो. तो कधीतरी माझ्या टेबलावर येणारच होता. अर्जदाराशी नातं आहे का, या रकान्यात मी बिनदिक्कत 'नाही' लिहिलं. आडनावं वेगळी, कोण विचारतंय?

त्याने तीन कामं जाहीर केली होती: नियोजन, व्याख्यानं, जुन्या कानडी शिलालेखांचं वाचन. रेघा मात्र चौथं काम दाखवत होत्या. गेल्या नऊ हंगामांत रोज सकाळी पाच ते आठ रेघ सरळ खाली. माझीच दरी, त्याच्या कपाळाखाली.

मी त्याला बोलावलं. तो आला, मला खुर्चीत बघून दारातच थबकला. मग हसला आणि लीला म्हणून हाक मारून तब्येत विचारली. मी बसा म्हटलं, अहोजाहो केलं. अर्ज त्याच्यासमोर सरकवला आणि सकाळच्या पाच ते आठमध्ये काय करता ते विचारलं. गावी जातो, छंद आहे, म्हणाला. मी म्हटलं, छंद नाही, अघोषित काम आहे. जाहीर करायचं असेल तर हा रकाना भरा. निचऱ्याचं असेल तर कायदाच तुमचं रक्षण करील, मी कोण तोडणारी? फक्त शेवटच्या चौकटीत तारीख लिहा. हे निचऱ्याचं आहे असं तुमच्या कधी लक्षात आलं?

त्याने पेन उचललं आणि तसंच धरून ठेवलं. तो हुशार माणूस आहे. खरी तारीख लिहिली तर ती माझ्या आराखड्याच्या आसपासची निघते आणि परवाना जातो. पुढची लिहिली तर त्याच्याच रेघा आणि त्याचीच टीप त्याला खोटं पाडतात. न लिहावं तर गुऱ्हाळ बंद, आणि पुढच्या सात-आठ महिन्यांत काय होतं ते त्याच्याइतकं कुणाला माहीत होतं? मला, फक्त.

त्याने पेन खाली ठेवलं. मग आवाज खाली आणून आमच्या बोलीत म्हणाला, "तुझ्यावरची माझी टीप वाचलीस तर तू."

मी विचारलं, "का केलंत?"

"खरंच तसं हुतंय का, बघायचं हुतं मला. जगात कुणाला ठाऊक नव्हतं, लीला. कुणावर तरी करून बघायलाच पायजे हुतं. परक्यावर कसं करायचं, सांग की. पाप लागलं असतं."

मला वाटलं होतं हेवा असेल, अप्पांच्या जागेचा लोभ असेल. त्यातलं काहीच नव्हतं. घरच्या उखळात घरचंच धान्य घालावं इतक्या सहज त्याने मला घातलं होतं. वर अप्पांना मीच नाही म्हणाले असं सांगितलं, कारण प्रयोगात मध्येच कुणी गुऱ्हाळावर परत बोलावू नये.

"माझ्या जागी तू असतीस तर तूबी हेच केलं असतंस," तो म्हणाला.

"बघू की आता," मी म्हटलं.

त्याने चौकट कोरी ठेवली. मी शेरा लिहिला: अघोषित काम, अंतिम निर्णयापर्यंत बंद. मग त्याच्यासाठी दोन दिवसांची बैठी पट्टी-चाचणी लावली. दिवस निवडायचा अधिकार परीक्षकाचा असतो. मी दसऱ्यानंतरचा पहिला सोमवार निवडला. त्या सोमवारी आमच्या गावात पहिलं आदण चढतं. तारीख ऐकून त्याचा चेहरा उतरला, आणि तो उतरलेला चेहरा मी अगदी मनसोक्त पाहून घेतला. तो गेल्यावर मी शिपायाला पेढे आणायला लावले.

सोमवारी रजा टाकून मी गावी गेले. कपाळाला पट्टी बांधली होती. रेघ खाली जाताना मला माझ्या डोळ्यांनी बघायची होती. चुलवणात, म्हणजे काहिलीखालच्या भट्टीत, जाळ घालायला अप्पांच्या वेळचे दुंडाप्पाच होते, आता अगदी वाकलेले. महांतेश आला नाही म्हणून ऊसवाले कुरकुरत होते. मी पदर खोचून काहिलीपाशी उभी राहिले. एकाने गार पाण्याचं भांडं मुकाट्याने आणून ठेवलं.

रस उकळला, मळी निघाली, पाक दाटला, मोठे बुडबुडे लहान झाले. मी बोटं पाण्यात घातली, पाकात घातली, पुन्हा पाण्यात. नऊ वर्षांनी. हाताला काही आठवावं लागलं नाही. गोळी काठावर मारली, टण् झालं, मी काहील उतरवा म्हटलं. दोन तासांनी ढेप फोडून बघितली तर आत सोनेरी, कणीदार. दुंडाप्पांनी खडा जिभेवर ठेवला, डोळे मिटले आणि म्हणाले, "अप्पांचाच हात."

हे दोन शब्द ऐकायला मी नऊ वर्षं जळत होते. मी वाट बघितली की आता आत काहीतरी हलेल. काही हललं नाही. चुलवणाची धग लागत होती, कंबर दुखत होती, आणि गूळ चांगला झाला होता, एवढंच. मी बाजूला जाऊन पट्टीची रेघ बघितली. आडवी होती. चार तासांत केसभरही खाली गेली नव्हती.

पट्टी बिघडली असेल, असं आधी वाटलं. बसमध्ये मी माझ्या मागच्या चार वर्षांच्या रेघा उघडल्या. नियम म्हणून रोज बांधते, पण स्वतःच्या कधी बघितल्या नव्हत्या. रेघ रोज खाली जात होती. चार ते पाच. रविवारी नाही. मे महिन्यात बदामीला आठ दिवस फिरायला गेले होते तेव्हाही नाही. परत आल्या दिवशी चार वाजता पुन्हा खाली. आणि महांतेशच्या तोंडावरचा रंग उडाला त्या दिवशी तर इतकी खोल, की गुऱ्हाळाच्या चांगल्या दिवसांतही तेवढी गेली नव्हती.

गोळ्यांचा गुण नव्हता तो. अप्पांनी हातात दिलेली वाट बुजली होती आणि माझ्या मेंदूने दुसरी शोधली होती. मला बरं केलं होतं त्या माणसाने, नव्हे, त्याच्या नाशाच्या तयारीने. निकाल लागला, फाईल बंद झाली, की चार ते पाच मी काय करणार होते? आणि त्यानंतर सात-आठ महिन्यांनी कुठे उभी असणार होते, तोंड उघडं टाकून?

मंगळवारी मी कार्यालयात गेले. आतल्या खोलीत महांतेश डोक्याला पट्टी बांधून चाचणीच्या खुर्चीत बसला होता. पहिलं आदण उतरलं हे त्याला रात्रीतच गावाकडून कळलेलं दिसत होतं. काचेतून त्याने एकदा माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे बघितलं. मला पश्चात्ताप झाला असं कुणी समजू नये. झाला नाही. पण त्याचं एक वाक्य सकाळपासून डोक्यात ठणकत होतं. तूबी हेच केलं असतंस. त्याने मला घातलं तसंच मी त्याला घातलं होतं, धोका माहीत असून, त्याच उखळात, घरच्याच माणसाला.

निर्णय पुढे ढकलायला मला कोण अडवणार होतं? पुढची तारीख, त्यापुढची तारीख. तो झिजत राहिला असता, मी ठणठणीत राहिले असते. हा विचार मी पूर्ण दहा मिनिटं केला, आणि तो करताना किती बरं वाटलं तेही सांगून टाकते.

चार वाजता मी कपाट उघडलं. त्याच्या फाईलला आधी हात लावला नाही. माझा स्वतःचा वार्षिक अर्ज काढला. परीक्षकालाही भरावाच लागतो, आणि तो दुसरा परीक्षक तपासतो. पहिलं काम, आराखडा परीक्षण. दुसरं काम, दातांच्या कवळ्या. मग महांतेशच्या फाईलमधल्या नात्याच्या रकान्यातलं 'नाही' खोडून 'आतेभाऊ' लिहिलं, त्याला माझ्या जुन्या आराखड्याची त्याच्या टिपेसकट प्रत जोडली. हे वाचणारा आधी त्याचा परवाना काढून घेईल, त्याच्यावरची गुऱ्हाळाची बंदी उठवील, मग त्याची फाईल आणि माझी खुर्ची माझ्याकडून काढून घेईल. ते मला पेन उचलतानाच माहीत होतं.

तिसरं काम. मी लिहिलं: महांतेश पट्टणशेट्टी. निचरा होतो का? होतो. केव्हा लक्षात आलं? काल, सोमवार, गुऱ्हाळावरून परतताना.

शेवटी शेऱ्याची चौकट होती. त्याने माझ्याविषयी लिहिलेले शब्द मी तिथे जसेच्या तसे उतरवले: काढल्यास धोका. मग खाली सही केली आणि अर्ज पाठवून दिला.